वजनकाट्यावरचा मासा

अध्यक्षमहाराज, सचिवबाई आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय ‘ब्लॅक बास आणि त्यांचे भाऊबंद’ असा छापलाय आणि खाली ‘मत्स्यप्रेमींनी लाभ घ्यावा’ असं आहे. पुढच्या दोन रांगांमधली काही मंडळी हे वाचून कालवणाच्या आशेने आलेली दिसतात. त्यांना आधीच सांगतो, आजचा मासा खाण्याचा नाही, म्हणजे खातात, पण त्याची सगळी कीर्ती ताटाबाहेरची आहे. शिवाय हा आपला जिताडा नव्हे. बासा म्हणून लग्नात जे पांढरं फिलेट वाढतात, तेही नव्हे.

गळ टाकणाऱ्यांना हा मासा माहीत आहे. इथल्या निम्म्या तरुणांच्या मोबाईलवर त्याचे व्हिडिओ असणार. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळसर पट्टा, आणि तोंड असं की मूठ आत जावी. जबड्याचा कोपरा डोळ्याच्या मागे गेला तर लार्जमाऊथ, डोळ्याखालीच थांबला तर स्मॉलमाऊथ. ही दोन नावं जगाला ठाऊक आहेत. बाकीचे दीड डझनाच्या आसपास भाऊबंद, म्हणजे स्पॉटेड, शोल, सुवानी, ग्वाडलूप, रेडआय वगैरे, बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एकेका नदीला धरून राहिलेले. सगळे सनफिशच्या कुळातले, सगळे मुळात उत्तर अमेरिकेचे. मला खरं बोलायचंय ते या गरीब भाऊबंदांविषयी. पण थोरल्याला वगळून धाकट्यांची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून आधी थोरला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या माशाचं जे भलंबुरं झालं ते त्याच्या चवीमुळे झालं नाही. माणसाला त्याच्याशी झुंजायला आवडतं म्हणून झालं. आता झुंजीतली मजा काही मोजता येत नाही. मग मोजायचं काय? वजन. आणि एकदा वजनकाटा आला की माणूस काय काय करतो, ते ऐका.

२ जून १९३२. जॉर्जिया राज्य, मंदीचे दिवस. जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकऱ्याचा पोरगा. पाऊस होऊन रानात चिखल झालेला, औत घालता येत नाही. मग करायचं काय? मित्राला घेऊन गेला माँटगोमेरी लेकवर. लेक म्हणायचं इतकंच. ऑकमल्गी नदीने जुनं वळण सोडलं, त्यात उरलेलं पाणी ते. म्हणतात की दोघांत मिळून आमिष एकच होतं, एक लाकडी मासोळी. ती अडकली आणि पेरीला वाटलं, गेली, बुंध्यात रुतली. आणि मग बुंधा हलला.

मासा घेऊन पोरं हेलेना गावात आली. लोकांनी गर्दी केली. कोणी तरी म्हणालं, अरे, एका मासिकाची मोठ्या माशांची स्पर्धा आहे, वजन करून पाठव. वजन झालं पोस्टातल्या काट्यावर! २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलो ९० ग्रॅम. साक्षीपुरावा कागदावर झाला. पेरीला स्पर्धेत ७५ डॉलरचं सामान मिळालं. आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या लार्जमाऊथ बासचं पुढे काय झालं? पेरीने तो घरी नेला, आईने तळला आणि घरच्यांनी खाल्ला.

मला हा माणूस फार आवडतो. विक्रम गेला खड्ड्यात, घरात खाणारी तोंडं आहेत! पण त्यामुळे अमेरिकेतल्या हौशी मंडळींची पुढची सत्तर-ऐंशी वर्षं झोप उडाली. कातडं नाही, सांगाडा नाही, कितीतरी वर्षं फोटोही नाही. नंतर फोटो सापडल्याच्या बातम्या आल्या, त्यांवर वेगळे वाद झाले. पोस्टाचा काटा बरोबर होता का, पोरगा खरं बोलत होता का, यावर लोकांनी जेवढी शाई घालवली तेवढं त्या तळ्यात पाणी नसेल. पेरी पुढे वैमानिक झाला आणि १९७४ मध्ये विमान अपघातात गेला. विक्रम जागेवर राहिला.

आता जपानात या. २ जुलै २००९, बिवा सरोवर. मानाबू कुरिता यांनी बास पकडला, पेरीच्या माशापेक्षा वजन जास्त. किती जास्त? २७ ग्रॅम! पण गळाच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा की एवढ्या माशाचा विक्रम मोडायचा तर किमान दोन औंसांचा, म्हणजे ५७ ग्रॅमचा फरक हवा. त्यामुळे विक्रम मोडला नाही, दोघांची बरोबरी झाली. कुरितांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोरही बसवलं. पेरीला हे यंत्र लागलं नव्हतं, त्याला फक्त भूक लागली होती. कुरितांच्या गळावर आमिष काय होतं हे लक्षात ठेवा: ब्लूगिल नावाचा छोटा मासा, जिवंत. त्याच्याकडे परत येणार आहे.

(सचिवबाईंची चिठ्ठी आली आहे. ‘वीस मिनिटे.’ बाई, अजून डॉटी राहिली.)

डॉटी ही कॅलिफोर्नियातल्या डिक्सन तलावातली मादी. कल्ल्याजवळ काळा ठिपका, म्हणून डॉटी. ही मूळची तिथली नव्हेच. फ्लोरिडाचे बास १९५९ मध्ये सॅन दिएगोच्या तलावांत आणून सोडले, त्यांच्या वंशातली. हौशी लोकांसाठी शहरवाले त्या तलावांत ट्राऊट सोडतात आणि ते ट्राऊट खाऊन ही मंडळी फुगतात. मार्च २००६ मध्ये तिघा बालमित्रांना ती लागली. हातातल्या काट्यावर २५ पौंड १ औंस, म्हणजे पेरीपेक्षा सव्वा किलोहून जास्त! पण गळ तोंडात नव्हता, पाठीत रुतला होता. तोंडात नाही तर मासा नियमात नाही. त्यांनी तिला सोडून दिलं आणि नंतर विक्रमावर हक्कही सांगितला नाही. २००८ मध्ये ती मेलेली तरंगताना सापडली, ठिपक्यावरून ओळखली.

सगळे असे नसतात. २०२२ मध्ये क्लीव्हलंडच्या एका स्पर्धेत जिंकलेल्या माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले. मासा वेगळा, वॉलआय. काटा तोच.

स्पर्धेचं निघालंच आहे तर रे स्कॉट हे नाव ऐकून ठेवा. अलाबामाचा विमा एजंट. १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने १०६ जणांकडून शंभर-शंभर डॉलर घेऊन बासची स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी संघटना काढली. आपल्याकडे विमा एजंट दारी आला की आपण आत लपतो. याने अख्ख्या देशाला होडीत बसवलं. १९७२ पासून त्याने ‘मासा मारू नका, वजन करून सोडा’ असा आग्रह धरला. हे चांगलंच झालं, मी टीका करत नाही. फक्त त्यामुळे बास हा मासा कमी आणि खेळाचं सामान जास्त झाला. आणि सामान माणूस बरोबर घेऊन फिरतो.

यावरून आठवलं. मध्यंतरी एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. ‘सर, आमच्या तलावात कटला-रोहूला कोणी विचारत नाही. परदेशी फायटर मासा कुठला सोडू?’ मी म्हटलं, पावसाळ्यात तलाव भरून सांडतो का? ‘हो, मस्त धबधबा होतो सर, त्याचंच तर पॅकेज आहे.’ धबधबा कुठे जातो? ‘खाली नदीला.’ मी त्याला पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडे बीज नाही का?’ आजचं व्याख्यान द्यायला मी तयार झालो, तो या फोनमुळे.

(दुसरी चिठ्ठी. आता बाईंनी आकडा लाल शाईने लिहिलाय.)

तर मुख्य विषय. भरभर सांगतो.

बास उचलून नेणं किती सोपं आहे ते बघा. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. त्याच सुमाराला, १८५४ मध्ये, तिकडे ओहायोच्या खोऱ्यातले थोडे स्मॉलमाऊथ रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडे कंबरलंडला नेले आणि कालव्यात सोडले. तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले. आज वॉशिंग्टनमधला माणूस त्याला आपल्या नदीचा मासा समजतो.

शिवाय हा मासा टिकतो, कारण बाप खमका असतो. वसंतात नर शेपटीने तळ झाडून उथळ पाण्यात घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि हा बाळंतिणीच्या दारात बसलेल्या आजीसारखा पहारा देतो. जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. म्हणूनच त्या दिवसांत तो गळाला पटकन लागतो. इलिनॉयमध्ये रिज लेकवर वीसेक वर्षं प्रयोग झाले. पटकन गळाला लागणाऱ्या माशांची पिल्लंही तशीच निघाली, आणि पहाऱ्याला तेच नर जास्त चोख ठरले. म्हणजे आपण गळाने वेचून काढतो ते चांगले बाप. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

ग्वातेमालातलं आतितलान सरोवर. विमानाने हौशी पर्यटक यावेत म्हणून १९५८ ते ६० च्या दरम्यान तिथे बास सोडले. त्यांनी छोटे मासे खाल्ले, खेकडे खाल्ले आणि तिथे राहणाऱ्या, उडता न येणाऱ्या ‘पोक’ पक्ष्याची पिल्लंही खाल्ली. १९६० मध्ये दोनेकशे असलेले पक्षी पाच वर्षांत ऐंशीवर आले. ॲन लाबास्टील या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं. नंतर भूकंप झाला, काठची लव्हाळी गेली, बाकीची कारणंही होती. आज तो पक्षी जगात नाही.

जपानात लार्जमाऊथ १९२५ मध्ये एका उद्योगपतीने हाकोनेच्या आशी सरोवरात आणला. आणि ब्लूगिल? १९६० मध्ये युवराज अकिहितो शिकागोला गेले, महापौरांनी ते मासे भेट दिले. खायला उपयोग होईल म्हणून त्यांनी ते देशी नेले आणि ते पसरत बिवापर्यंत गेले. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक, गोबी नावाचे छोटे मासे हा त्यांचा विषय. २००७ मध्ये सम्राट असताना बिवाच्या काठी, शिगामध्ये, त्यांनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. शिगात पकडलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला २००३ पासून बंदी आहे. तर मघाच्या विक्रमाचा हिशेब मांडा: जपानी सरोवरात अमेरिकन मासा, आमिषही अमेरिकन मासा, आणि ज्या देशी माशापासून तिथली आंबवलेली फुनाझुशी करतात तो दिवसेंदिवस दुर्मीळ.

आता भाऊबंद. बाई, हे वाक्य पत्रिकेत छापलंय, बोलू द्या. ग्वाडलूप बास फक्त टेक्ससच्या टेकड्यांमधल्या नद्यांत राहतो. छोटा, वेगवान, लार्जमाऊथच्या निम्माही नाही. हौशी लोकांना मोठा हवा म्हणून १९७० च्या दशकात तिथे स्मॉलमाऊथ सोडले. त्यांनी ग्वाडलूपला खाल्लं नाही, त्याच्याशी संकर केला. पिल्लं झाली ती धड हा नाही, धड तो नाही. पुढे टेक्ससने १९८९ मध्ये याच ग्वाडलूपला राज्याचा मासा केलं आणि १९९० च्या दशकापासून शुद्ध वाणाची पिल्लं वाढवून नद्यांत सोडायला सुरुवात केली. काही नद्यांत त्याला यशही आलं. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडे आज अलाबामा बास हा आणखी एक भाऊबंद लोक टाक्यांत घालून चोरून नेतात आणि पुन्हा तेच सुरू आहे. माशाला मासा खातो तेव्हा निदान दिसतं. संकर दिसत नाही. गळाला लागलेला मासा बासच असतो, वजनही चांगलं भरतं.

आपल्याकडचं एकच सांगतो. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून ज्याचं वर्णन केलं तो खुद्री महाशीर. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर त्याचं प्रजनन यशस्वी झालं. ते काम खरंच मोठं होतं. ती बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, देशभर गेली, कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर होता, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. जुन्या साहेबांचे महाशीरचे विक्रम त्याच्याच जिवावरचे. खुद्री वाढत गेला, कुबडवाला कमी होत गेला. त्याला शास्त्रीय नाव नक्की मिळालं ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. महाडजवळ वाळणकोंडीला देवमाशांना चुरमुरे टाकणाऱ्यांनी त्याला निदान एकदा आठवावं.

शोल बास, सुवानी बास आणि रेडआयचे पाच तुकडे कसे झाले, हे राहिलंच. स्लाइड आहेत, लॅपटॉप बंद करत नाही, ज्यांना बघायच्या त्यांनी पुढे या. प्रश्न मात्र खाली चहाच्या टेबलाशी विचारा, सभागृहाचा माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा आहे. आणि तो रिसॉर्टवाला आज इथे असेल तर त्याने सगळ्यात आधी भेटावं.