सत्ताविसातले तेरा

(निवेदन)

[कॅमेरा ट्रॅप, पहाटेचा उजेड]

साल वृक्षांच्या जंगलातली गाडीवाट. डावीकडून येतोय तो वाघच आहे. पाठ जवळजवळ पूर्ण काळी. पिवळा रंग उरलाय तो पोटाशी, पायांवर आणि पट्ट्यांमधल्या फटींत.

चित्र इथे थांबवू आणि पाठ जवळून बघू. काळा रंग वरून चढलेला नाही. पट्टेच रुंद झालेत, इतके की एकमेकांना भिडलेत. ताडोबातल्या काळ्या बिबट्याशी याची गल्लत नको. बिबट्याच्या अंगभर काळं रंगद्रव्य असतं आणि त्यामागचं जनुकही वेगळं असतं.

हे जंगल ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातलं. सिमलीपाल व्याघ्र प्रकल्प, 2,750 चौरस किलोमीटर. राज्याच्या 2023-24 च्या गणनेत इथे 27 प्रौढ वाघ मोजले गेले. त्यातले 13 असे. मोकळ्या रानात अशी वाघवस्ती दुसरी कुठेही नाही.

या रंगाचं कौतुकही भरपूर होतं. जानेवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं बारीपद्याजवळ काळ्या वाघांची सफारी उभारण्याची घोषणा केली. पाहुणे येतील, फोटो निघतील. पण सत्ताविसातले तेरा हा आकडा कशाची खूण आहे, हे सफारीच्या फलकावर लिहिलं जाण्याची शक्यता कमीच.

[नंदनकाननमधले वाघ, मग प्रयोगशाळा]

कोड्याची उकल आधी पिंजऱ्यात झाली. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काळी पिल्लं जन्मली, त्यांच्या आई-बापांपैकी काळं कुणीच नव्हतं. म्हणजे जनुकातला हा बदल दबून राहणारा. पिल्लाला तो आईकडूनही मिळावा लागतो आणि बापाकडूनही, तरच रंग दिसतो. बदललेल्या जनुकाची एकच प्रत असली तर वाघ चारचौघांसारखा, पण पुढच्या पिढीला देण्यासाठी ती प्रत त्याच्याकडे असतेच.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी या कुटुंबांची जनुकं वाचली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. टॅकपेप नावाच्या जनुकात 1360 व्या जागी डीएनएच्या ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ आला होता. तेवढ्यानं प्रथिनातलं 454 वं अमिनो आम्ल बदलतं, हिस्टिडीनच्या जागी टायरोसिन. हेच जनुक बिघडलं की घरातल्या मांजराच्या अंगावर पट्ट्यांऐवजी ठिगळं येतात. आफ्रिकेतल्या ‘किंग चित्त्या’च्या ठिपक्यांचे पट्टे होतात तेही याच जनुकामुळे.

सिमलीपालच्या वाघांत या जनुकाच्या शंभरातल्या 58 प्रती बदललेल्या निघाल्या. देशातल्या इतर जंगलांतल्या वाघांचे नमुने तपासले, तिथे एकही नाही.

[वनरक्षक वाटेवर वाकलेला, हातमोजे, कुपी]

रानातल्या वाघाचं जनुक वाचायला त्याला हात लावावा लागत नाही. काम होतं विष्ठेवर, झाडाला चिकटलेल्या केसावर, भक्ष्यावर राहिलेल्या लाळेवर.

पहाटे गाडीवाटा आणि नाल्याचे काठ धुंडाळायचे. वाघ हद्द सांगायला वाटेच्या कडेलाच विष्ठा टाकतो, त्यामुळे शोधणं त्या मानानं सोपं. ताजी असेल तर वरून चकाकते, बुळबुळीत पापुद्रा असतो. सगळा माल त्या पापुद्र्यात. वाघाच्या आतड्याच्या पेशी बाहेरच्या थराला चिकटून येतात. आत असतात चितळाचे, सांबराचे, रानडुकराचे केस आणि हाडांचे तुकडे. विष्ठा फोडून आतला भाग घेतला की वाघाऐवजी त्याचं जेवण हाती लागतं. नवख्या माणसाची चूक हमखास इथेच होते.

म्हणून निर्जंतुक बोळा द्रावणात भिजवायचा, बाहेरून हलक्या हातानं फिरवायचा आणि पेशी फोडणारं द्रावण असलेल्या कुपीत मोडून टाकायचा. दर नमुन्याला नवा हातमोजा. कुपीवर तारीख, जीपीएस, गोळा करणाऱ्याची खूण. उरलेली विष्ठा जागेवरच सोडायची, ती वाघाची निशाणी आहे. पावसाची एक सर येऊन गेली असेल तर पेशी धुऊन जातात. दोन दिवसांचं कडक ऊन डीएनएचे तुकडे करतं. शेणकिड्यांनी वाट्याला काही ठेवलं असेल तर ठेवलं.

[डीएनएच्या प्रती वाढवणारं पीसीआर यंत्र, नळ्यांचा ट्रे]

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न साधा असतो: वाघ की बिबट? फक्त वाघाच्याच डीएनएला चिकटतील असे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून ते ठरतं. मग ओळखीच्या ठरावीक जागा एकदम वाढवून वाचायच्या, म्हणजे हा कोणता वाघ आणि कुणाचा कोण, हे कळतं. प्रत्येक खेपेला एक कुपी मुद्दाम रिकामी चालवतात. त्या रिकाम्या कुपीत वाघ सापडला, तर भेसळ झाली. अख्खी खेप बाद.

दुसरा सापळा याहून बेरकी आहे. जुन्या विष्ठेतला डीएनए इतका तुटलेला असतो की दोन प्रतींपैकी एकच वाढते, दुसरी गायब राहते. एक साधी आणि एक बदललेली प्रत असलेला वाघ मग कागदावर पूर्ण साधा ठरतो, किंवा पूर्ण काळा. म्हणून एकच नमुना पुन्हा पुन्हा चालवायचा आणि उत्तर जुळलं तरच नोंद करायची.

[नकाशा: सिमलीपाल, भोवती खाणी, रस्ते, लोहमार्ग]

शंभरात 58 बदललेल्या प्रती, हा आकडा आला कुठून? काळ्या रंगाचा वाघाला काही फायदा होतो म्हणून नव्हे. अभ्यासकांचं अनुमान असं, की वस्ती मोजक्या वाघांपासून वाढली आणि बाहेरचा वाघ त्यात मिसळला नाही. मध्य भारतातल्या वाघवस्त्या शेकडो किलोमीटर दूर. मधला मुलूख खाणी, शेती, हमरस्ते आणि रेल्वेनं चिरलेला.

अशा कोंडलेल्या वस्तीत नशिबाची फेक मोठी ठरते. प्रत्येक पिल्लाला आईच्या दोन प्रतींतली एक मिळते, बापाच्या दोनांतली एक. हजार वाघांत या फेकी एकमेकींना सावरतात, वीस-पंचविसांत नाही. शिवाय 27 वाघ म्हणजे पिल्लं देणारे 27 नव्हेत. एकाच दांडग्या नराच्या हद्दीत दोन-तीन माद्या असतात, बाकीचे नर नुसते फिरतात. हिशेबापुरते खरे प्रजननक्षम 10 धरले, तर जनुकीय वैविध्य दर पिढीला विसावा हिस्सा घटतं. वाघाची पिढी ढोबळमानानं पाच वर्षांची. पन्नास वर्षांत शंभरातलं साठच उरतं. संख्या तेवढीच राहिली, तरीही.

रंग डोळ्यांना दिसला म्हणून चर्चा झाली. याच फेकीत वर येऊ शकणारे इतर बदल कॅमेऱ्यात दिसत नाहीत: शुक्राणूंतले दोष, दगावणारी पिल्लं, रोगाला बळी पडण्याची तयारी.

[पिंजऱ्याचा ट्रक, मग बंदिस्त आवार]

उपाय म्हणजे बाहेरचं रक्त मिसळणं. ते आलं चंद्रपूर जिल्ह्यातून. ऑक्टोबर 2024 मध्ये जमुना, नोव्हेंबरमध्ये झीनत. ताडोबा परिसरातल्या दोन तरुण वाघिणी.

नेमकं हेच वय का निवडतात? अडीच-तीन वर्षांची वाघीण आईपासून सुटलेली असते, पण तिची स्वतःची हद्द पक्की झालेली नसते. बछडी मागे नसतात. बेशुद्धीचा डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या भरल्या स्नायूत बसायला हवा. वाघीण आडवी झाली की आधी डोळ्यांत मलम आणि वरून फडकं. बेशुद्धीत पापण्या मिटत नाहीत, बुबुळ सुकतं. एकजण सतत श्वास मोजतो, दुसरा ताप बघतो. ताप चढला तर अंगावर पाणी. तेवढ्या वेळात रक्ताचा नमुना, दातांची पाहणी, गळ्यात रेडिओ कॉलर. कॉलरमध्ये बोटं जाण्याइतकी ढील ठेवतात. घट्ट बसली तर मान सोलते, सैल राहिली तर पुढचा पाय अडकतो. मग उतारा देऊन पिंजरा बंद. नव्या जंगलात थेट दार उघडत नाहीत. आधी काही दिवस कुंपणातलं आवार, तिथलं पाणी, तिथले वास.

झीनतला तेवढं पुरलं नाही. आवारातून सोडल्यावर पंधरवड्यात ती झारखंडमध्ये शिरली, तिथून पश्चिम बंगालमध्ये. 29 डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणलं. त्याआधी 2018 मध्ये ओडिशाच्याच सातकोसिया व्याघ्र प्रकल्पात मध्य प्रदेशातून महावीर हा वाघ आणि सुंदरी ही वाघीण आणली होती. महावीर त्याच वर्षी फासात मेला. सुंदरीला माणसांवरच्या हल्ल्यांनंतर कोंडावं लागलं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्यूमा या मोठ्या रानमांजरांची वस्ती अशीच कोंडली होती. तिथे 1995 मध्ये टेक्सासहून आठ प्यूमा माद्या सोडल्या. पिल्लं पाच जणींनाच झाली, पण वाकड्या शेपट्या आणि हृदयदोष कमी झाले, संख्या वाढली. आठातल्या पाच. हे लक्षात ठेवून दोनाचा आकडा बघायचा. शिवाय दर पिढीला निदान एक नवा प्राणी वंशात मिसळावा, असा ढोबळ नियम आहे. आणखी वाघिणी लागतील, आणि त्या एकाच जंगलातल्या नकोत.

[कॅमेरा ट्रॅप, रिकामी वाट]

ताडोबाच्या वाघिणींना काळी पिल्लं होणार नाहीत. बाप पूर्ण काळा असला तरी नाही. प्रत्येक पिल्लाकडे एक प्रत बापाची बदललेली, एक आईची साधी. अंगावर नेहमीचे, सुटे पट्टे. सिमलीपालमध्ये साध्या पट्ट्यांचे वाघ आधीही आहेतच, त्यामुळे फोटोवरून कुणाचं पिल्लू ते ओळखता येणार नाही. त्यासाठी पुन्हा पहाटे हीच वाट, हातमोजा आणि कुपी.