राक्षसाचे तळवे

(दृश्य: नागपुरात गोकुळपेठेतली पहिल्या मजल्यावरची खोली. टेबलावर फासे, हातानं काढलेला नकाशा, तर्री-पोह्याच्या बशा.)

निवेदन:

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत एकेका पात्राची भूमिका करत रचायची गोष्ट. चार खेळाडू, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर. गावच्या वेशीवर एक म्हातारे काका भेटलेत, पाणी देतायत. एकाला शंका येते: "अबे, आधी पाय पाह्य त्याचे!"

पाय सरळ. सगळे निर्धास्त. भुताची पावलं उलटी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण या खेळातल्या राक्षसाची खूण हाताला असते. आपल्या हाताची पाठ जिथं, तिथं त्याचा तळवा. मास्टर एवढंच म्हणतो, की तांब्या धरलेली बोटं भलत्याच बाजूला मिटलीत. कोणाचंच लक्ष नाही. पाणी पिऊन मोकळे!

हा राक्षस खेळात आला डिसेंबर 1975 मध्ये, 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या पाचव्या अंकातून. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळातल्या प्राण्या-राक्षसांच्या पुस्तकात डेव्हिड ट्रॅम्पियरनं त्याचं चित्र काढलं. वाघाचं डोकं, अंगात उंची जॅकेट, जवळ पाइप. जेवण आटोपून बसलेला मालगुजारच जणू. मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला, की खेळ खलास. हा बाण काही रामायणातला नाही. 1974 मध्येच अमेरिकन टीव्हीवरच्या एका भयमालिकेत राक्षस असाच मेला होता. तिथंही तो विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन यायचा.

वाघाचं तोंड मात्र अगदीच उपरं नाही. सुंदरकांडात सीतेवर पहारा देणाऱ्या राक्षसींमध्ये डुकराच्या, वाघाच्या, म्हशीच्या तोंडाच्याही आहेत. रूप पालटण्यात तर मारीच उस्तादच.

खटकतं ते पुढचं. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला राक्षस नरकातला, जन्मजात दुष्ट. मारला तरी नरकात पुन्हा जन्मून सूड घ्यायला हजर. मग बिभीषण कुठे बसवायचा? घटोत्कच? इथे दसऱ्याला कस्तुरचंद पार्कात रावण जळतो, आणि तिकडे गडचिरोलीत गोंड समाजात त्याची पूजा होते.

या टेबलावर म्हणून 'दुष्ट' या शब्दावर काट मारली आहे. एका मुलीला घटोत्कचाच्या वंशातली योद्धी हवी होती, मास्टरनं दिली. रात्री तिचं बळ वाढतं, महाभारतातल्या रात्रीच्या युद्धाला धरून. बाकीच्यांची तक्रार लगेच आली: मग दिवसा ही काय नुसती झोपा काढणार?