जुन्या वस्तूंची नवी नेमणूक

पडद्यावर दिसणारा हा लाकडी खण मोडीत निघालेल्या एका टेबलाचा आहे. टेबलाचे पाय ओलीने कुजले आणि वरची फळी मधोमध फाकली, पण आत सरकत राहिलेला खण मात्र शाबूत राहिला. भिंतीवर आडवा ठोकला तर त्याचा पुस्तकांसाठी कप्पा होईल, चारही कोपऱ्यांना चाके लावली तर पलंगाखाली सरकणारी पेटी होईल आणि तळ काढून टाकला तर उरलेली चौकट आरशाला बसेल. यांपैकी काय करायचे हे ठरवण्याची आणि लगेच रंगाचा डबा उघडण्याची घाई आपल्याला फार असते. आम्ही मात्र रंग बराच वेळ बाजूला ठेवणार आहोत. जुन्या वस्तूंनी घर सजवण्याच्या कामात निम्मी मेहनत ती वस्तू तपासण्याची असते, आणि जिथे ही तपासणी टाळली जाते तिथे ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून केलेली वस्तू वर्षभरात पुन्हा टाकाऊ होते.

टाकून दिलेल्या वस्तूकडे निरखून पाहण्याची ही सवय कलावंतांनी आणि रचनाकारांनी जाणीवपूर्वक जोपासलेली आहे. पाब्लो पिकासोने 1942 मध्ये सायकलची बैठक आणि हँडल एकत्र जोडून बैलाचे मुंडके घडवले. त्या दोन भागांपलीकडे त्याने त्यात जवळजवळ काहीच घातले नाही. ते अर्थात पाहण्यासाठी होते. अकीले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या इटालियन रचनाकार बंधूंनी 1957 मध्ये केलेले आसन मात्र बसण्यासाठी होते. ट्रॅक्टरची पत्र्याची भोकाभोकांची बैठक त्यांनी जशीच्या तशी घेतली, ती वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवली आणि तोल राहावा म्हणून खाली एक लाकडी आडवी दांडी दिली. शेतात तासन्‌तास बसणाऱ्या माणसासाठी त्या बैठकीला आलेला आकार आणि धक्के पचवणारी पट्टी हे दोन्ही गुण मुळात तिथे होतेच. त्यांनी केवळ ते ओळखले. त्याआधी 1934 मध्ये खेरिट रीटफेल्ड या डच रचनाकाराने माल भरण्याच्या खोक्यांना लागते तशा साध्या फळ्यांची खुर्ची केली होती, आणि 1991 मध्ये तेजो रेमी या डच रचनाकाराने वेगवेगळ्या कपाटांतून निघालेले खण गोळा करून, प्रत्येकाला नवी लाकडी खोळ देऊन, ते सारे वेडेवाकडे रचून एका पट्ट्याने करकचून आवळले. त्या कपाटात खणांना रंग फासून एकसारखे केलेले नाही. प्रत्येकाची मूठ, झीज आणि जुना रंग तसाच राहू दिला आहे. या साऱ्यांत समान गोष्ट एकच, की वस्तू निवडली गेली ती तिच्यात आधीपासून असलेल्या गुणासाठी.

आता आपल्या खणाकडे येऊ. सर्वांत आधी तो कशाचा आहे ते पाहायचे. फळीच्या वरच्या बाजूची लाकडाच्या तंतूंची रेषा कडेवरून खाली उतरून टोकाला लाकडाच्या वर्तुळांना मिळत असेल, तर ते सलग लाकूड समजावे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल आणि ती उचकटल्यावर आत दाबलेला भुसा दिसला, तर वस्तू भुशाच्या पाट्याची आहे. असा पाटा वाईटच असतो असे नाही. पण तो एकदा पाण्याने फुगला की पुन्हा बसत नाही, त्याच्या कडेत मारलेला स्क्रू धरत नाही, आणि त्यावरच्या गुळगुळीत प्लास्टिकसारख्या थरावर साधा रंग चिकटत नाही, चांगली पकड देणारे प्रायमर लावावे लागते. हे ठाऊक नसेल तर मेहनत चार पदरी होते आणि पोपडे आठव्या दिवशी निघू लागतात.

त्यानंतर किडीची तपासणी. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली तर वस्तू पांढऱ्या कागदावर उभी करून हलकेच ठोकावी. पिठासारखा ताजा, फिकट भुगा पडला तर आत अळी अजून काम करते आहे, आणि तिच्यावर उपाय केल्याशिवाय ती वस्तू घरातल्या इतर लाकडाजवळ नेऊ नये. भोके जुनी, काळवंडलेली आणि कोरडी असतील तर ती नुसती खूण असते. ती बुजवली नाही तरी चालते, किंबहुना न बुजवलेलीच बरी दिसतात.

मग येतो जुना लेप. खणाच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काही क्षण धरून ठेवायचा. बोळ्याला तपकिरी चिकटपणा आला आणि पृष्ठभाग मऊ पडला, तर तो लाखेचा, म्हणजे चपड्याचा लेप आहे, आणि ही आनंदाची बातमी समजावी. लाखेचा नवा हात जुन्या लेपात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे सगळे खरवडून काढण्याची गरज उरत नाही. ओरखडे आणि पांढरे डाग बहुतेक वेळा एका-दोन हातांत नाहीसे होतात. लेप अपारदर्शक रंगाचा आणि फार जुना असेल तर मात्र सावध राहावे, कारण पूर्वीच्या तेलरंगांत शिसे सर्रास असे. अंतर्गत रंगकामात शिसेयुक्त पांढरा रंग वापरण्यावर मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 1921 मध्येच झाला असला, तरी अमेरिकेसारख्या देशात घरांच्या रंगातून शिसे हद्दपार व्हायला 1978 साल उजाडले. असा संशय असलेला रंग कोरडा घासू नये, कारण त्याची धूळ लहान मुलांना सर्वाधिक घातक असते. तपासणी करून घ्यावी, नाहीतर ती वस्तू सोडून द्यावी. एखादी वस्तू सोडून देणे हाही या कामातला एक निर्णय आहे, आणि तो घेता आला पाहिजे.

आपल्या खणाने या परीक्षा पार केल्या आहेत, तेव्हा त्याचा पुस्तकांचा कप्पा करायचे ठरवून आता पॉलिश पेपर हातात घेऊ. कागदाचा क्रमांक जितका लहान तितकी त्याची वाळू भरड. सुरुवात 80 क्रमांकाच्या कागदाने, मग 120 आणि शेवटी 180 किंवा 220. मधली पायरी गाळण्याचा मोह होतो, पण 80 च्या कागदाने पडलेले चरे 220 चा कागद घालवू शकत नाही, तो त्यांना फक्त चमकवतो, आणि पॉलिशचा हात पडताच ते सगळे वर येतात. हात नेहमी रेषेच्या दिशेने चालला पाहिजे. आडवा गेलेला एक फटकारा नंतर दहा सरळ फटकाऱ्यांनीही पुरता जात नाही. जवळून पाहा. मुठीच्या खाली जिथे बोटे वर्षानुवर्षे लागली, तिथे लाकूड काळसर आणि किंचित खोलगट झाले आहे. तेवढा भाग आम्ही घासलेला नाही. तो घासून सपाट केला असता, तर नवी फळी आणून केलेल्या कप्प्यात आणि या कप्प्यात फरक काय राहिला असता?

शेवटचा हात जवसाच्या उकळलेल्या तेलाचा द्यायचा असेल, तर एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते आणि वाळताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आतल्या आत साठते आणि ठिणगीवाचून त्या पेटू शकतात. म्हणून चिंध्या पसरून, एकेक मोकळी करून उघड्यावर वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

माल वाहून नेणाऱ्या लाकडी पॅलेटचे फर्निचर अलीकडे सगळीकडे दिसते, आणि त्यावर एक छोटासा ठसा असतो तो मात्र कुणी वाचत नाही. देशोदेशी फिरणाऱ्या लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरला, आणि त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह व काही अक्षरे उमटवतात. ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग किमान 30 मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे पॅलेट घरात आणू नये. ठसा योग्य असला तरी पॅलेटवर पूर्वी काय सांडले होते ते ठसा सांगत नाही, म्हणून तेलकट किंवा रसायनाचा वास येणारी फळी तिथेच ठेवून यावी.

काचेच्या बाटलीचे काम दिसते त्याहून सोपे आणि वाटते त्याहून चिवट आहे. बाटली स्थिर आधारावर गोल फिरवत काच कापण्याच्या चाकाने एकच अखंड रेघ ओढायची, तीच रेघ पुन्हा कोरायची नाही. नंतर त्या रेघेवर आधी गरम आणि मग गार पाणी आळीपाळीने सोडायचे. काच उष्णता सावकाश वाहून नेते, त्यामुळे तापलेला भाग प्रसरण पावलेला आणि शेजारचा आक्रसलेला अशी ओढाताण तयार होते, आणि ती सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे आपल्या रेघेवर, फुटते. फुटल्याचा आवाज बारीक असतो. कड मात्र वस्तऱ्यासारखी असते. ती काळ्या पाणकागदावर पाणी घालत घासावी लागते, कारण कोरडी घासली तर काचेची धूळ फुप्फुसात जाते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. कपाटाच्या दारांत किंवा टेबलांवर असते ती कणखर केलेली (टफन्ड) काच या पद्धतीने कधीच कापली जात नाही. तिला नुसता ओरखडा खोल गेला तरी तिचे क्षणात बारीक तुकडे होतात. आणि सजावटीसाठी रिकाम्या बाटल्या विकत आणणारी मंडळीही आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावे!

कपड्यांचे काम सर्वांत शांत, आणि नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. विणीच्या सुती बनियनचा किंवा टी-शर्टचा धडाचा भाग दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत गोलगोल, सलग कापत गेले की एकच लांब पट्टी निघते. ती हलकेच ओढली की तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि पट्टीची जाड दोरी होते. तीन दोऱ्यांची वेणी घालून, ती वेणी मध्यापासून गोल गुंडाळत शेजारच्या फेऱ्याला शिवत गेले की पायपुसणे तयार होते. शिवताना ते मांडीवर न घेता सपाट फरशीवर ठेवावे. वेणी जरा आवळली गेली तर कडा वर उचलल्या जाऊन त्याची परडी होते, सैल पडली तर कडेला झालर येते. परडी झालीच तर उसवत बसू नये, तिच्यात लोकर नाहीतर चाव्या ठेवाव्यात.

बाकीच्या प्रसिद्ध प्रकारांबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या डब्यांच्या कुंड्या ठीक आहेत, तळाला भोके पाडली आणि गंज येणार हे मान्य केले तर. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन शिल्लक असते, उन्हाने ते पिवळे पडते. म्हणून लगद्याच्या वस्तूंना तो चालतो, पण चित्राच्या मागे लावायला नको, चित्रालाही डाग पडतात. प्लास्टिकच्या बाटल्या खिडकीत टांगल्या की उन्हाने ठिसूळ होतात आणि त्यांचे कण मातीत उतरतात. टायरची बैठक अंगणात खुशाल ठेवावी. बंद खोलीत रबराचा वास पिच्छा सोडत नाही.

दिव्यांच्या बाबतीत हौसेला लगाम हवा. बरणी, चाळण, जुना कंदील यांच्या आत दिवा बसवायचा तर कमी तापणारा एलईडी दिवाच घ्यावा, वायर जिथून आत शिरते त्या भोकाच्या धारेवर रबरी कडे बसवावे, आणि वस्तू धातूची असेल तर तिला अर्थिंग दिल्याशिवाय वीज जोडू नये. ही जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

तयार झालेला कप्पा आता भिंतीवर चढतो आहे. रिकामा खण हलका असतो, पुस्तकांनी भरलेला खण हलका नसतो. त्याचे वजन मागच्या पातळ फळीवर येता कामा नये, म्हणून भिंतीत घट्ट बसवलेली लाकडी पट्टी वरच्या जाड कडेखाली आधाराला दिली आहे. खोलीत अशी एखादीच वस्तू असावी असे आमचे मत आहे. शिडीची मांडणी, सुटकेसचे टेबल, बाटल्यांचे झुंबर आणि खिडकीच्या चौकटीचा आरसा हे सगळे एकाच भिंतीशी दाटीने उभे राहिले की त्यांतले काहीच नजरेत भरत नाही, आणि धूळ पुसणाऱ्या माणसाचे हाल होतात.

या कप्प्यात सरस कुठेही वापरलेला नाही. पट्टी, खण आणि मूठ सारे काही स्क्रूने जोडले आहे, आणि स्क्रूची डोकी लांबी (पुट्टी) भरून झाकलेली नाहीत. उद्या घर बदलले किंवा पुस्तके वाढली, तर पेचकस फिरवून तो काही मिनिटांत पुन्हा मूळ खण होतो आणि त्याची चाकांची पेटी करायची राहिली होती ती करता येते. लाकडाच्या भेगांत पारदर्शक रेझिन ओतून केलेली टेबले आज फार लोकप्रिय आहेत आणि दिसतातही देखणी; पण त्या फळीतून रेझिन वेगळे काढता येत नाही, ती धड जाळता येत नाही आणि तिचे लाकूड दुसऱ्या कामाला येत नाही. जुन्या लाकडाचा तो शेवटचाच वापर ठरतो.