जिमजिलबांग, रात्री बारानंतर

बूट दारातच काढायचे, छोट्या कपाटात ठेवायचे आणि काउंटरवरून घ्यायचे टी-शर्ट, अर्धी चड्डी, दोन टॉवेल आणि मनगटात अडकवायची किल्ली. दक्षिण कोरियातल्या सोलमधलं हे जिमजिलबांग. खाली हमामखाना, वर गरम फरशीचा भलामोठा दिवाणखाना. चोवीस तास उघडं.

रात्रभर उघडं राहण्याचं अप्रूप इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९४५ मध्ये लागलेली रात्रीची संचारबंदी सोलमधून उठली ती थेट जानेवारी १९८२ मध्ये. तोवर बाराचा भोंगा झाला की रस्ते ओस. त्यानंतर सापडलात तर रात्र पोलीस ठाण्यात. जिमजिलबांगं फोफावली नव्वदच्या दशकात. करोनाच्या काळात त्यातली बरीच बंद पडली.

आधी आंघोळ. पुरुष-बायकांचे विभाग वेगळे, पण आत कुणाच्याच अंगावर काही नसतं. पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. मराठी माणसाची पंचाईत होते ती इथे. पाचेक मिनिटं! मग कळतं, आपल्याकडे कुणी बघतच नाहीये.

बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मगच गरम हौदात उतरायचं. कातडी मऊ पडली की निघतो हा हिरवा, खरखरीत हातमोजा. याला म्हणतात इटली टॉवेल, पण तो बनला कोरियातल्याच बुसानमध्ये, साठच्या दशकात. वेगळे पैसे दिले तर घासायला माणूस मिळतो. तो तुम्हाला ओट्यावर आडवं करतो, एक थाप मारून कुशीवर वळवतो, आणि अंगावरून मळाच्या करड्या वळकट्या सुटू लागतात. नरकचतुर्दशीचं उटणं यापुढे फारच मायाळू.

आता वर. इथे सगळे एकत्र, सगळ्यांचे कपडे सारखे. साहेब कोण, शिपाई कोण, पत्ता लागत नाही. मिठाची खोली, पिवळ्या मातीची खोली, घामाघूम झालात तर बर्फाची खोली. टॉवेलच्या दोन्ही कडा गुंडाळून मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करायची. भाजून तपकिरी झालेली अंडी मित्राच्या डोक्यावर फोडायची आणि वर गारेगार शिखे, म्हणजे भाताचं गोड पेय. शाकाहाऱ्यांनी समुद्री शेवाळाचं सूप मागवण्याआधी विचारावं. त्यात अनेकदा गोमांस असतं.

कपडे सारखे असले तरी मोठं-धाकटं सुटत नाही. ओळख होताच प्रश्न येतो, वय किती? २०२३ च्या जूनपासून कायद्याने वय जगासारखंच मोजतात. गप्पांत मात्र जन्मसालच विचारतात. त्यावरून ठरतं, कुणी कुणाशी आदराने बोलायचं.

आत खाल्लेल्याची नोंद मनगटावरच्या किल्लीच्या नंबरवर होते. पैसे निघताना. काउंटरवर थोडी ओढाताण होते, पण बहुतेक वेळा खिशात हात घालावा लागतो तो वयाने मोठा निघालेल्यालाच.