मालाच्या फाटकातून दिसणारे कारखाने

श्रोतेहो, नमस्कार. मालवाहू गाडी चालवणाऱ्या माणसाला कारखाना पुढच्या दाराने सहसा दिसत नाही. पुढच्या दाराशी बाग असते, स्वागतकक्ष असतो, कपाटात मांडलेले नमुने असतात. आमच्या वाट्याला वजनकाटा, चलानावरचा शिक्का आणि माल उतरवण्याचा धक्का येतो. तरीही कारखान्याची खरी ओळख या मागच्या फाटकावरच पटते, असे माझे ठाम मत आहे, कारण गाडीला उशीर झाला तर तिथली माणसे नुसती चिडतात की मनातून धास्तावतात, हे तिथेच कळते. या फरकामागे एकच प्रश्न असतो आणि आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे: हा कारखाना थांबू शकतो का?

लाकडी सामानाचा कारखाना थांबू शकतो. पाळी संपली की करवत बंद होते, भुसा झाडला जातो आणि अर्धवट राहिलेली खुर्ची दुसऱ्या दिवशीपर्यंत निवांत उभी राहते. कागदाच्या गिरणीला थांबणे जड जाते. तिथे यंत्राच्या एका टोकाला जाळीवर जो लगदा पडतो, त्यात जवळजवळ 99 टक्के पाणी असते आणि दुसऱ्या टोकाला कोरड्या कागदाचा प्रचंड रोल गुंडाळला जात असतो. मध्येच कागद तुटला की भोंगा वाजतो, माणसे धावतात आणि कागदाचे टोक पुन्हा रुळांमधून ओवून घेतले जाते. तुटलेला कागद वाया जात नाही. तो पुन्हा लगद्यात जातो.

ॲल्युमिनियम गाळण्याच्या कारखान्यात थांबणे हे संकटच असते. चार्ल्स मार्टिन हॉल आणि पॉल एरू या दोघांनी 1886 मध्ये स्वतंत्रपणे शोधलेली रीत आजही तिथे चालते: वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात ॲल्युमिना, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी, विरघळवायचा आणि त्यातून लाखो ॲम्पियरचा वीजप्रवाह सोडायचा. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाला तिथे आत घेत नाहीत, कारण त्या प्रवाहाभोवतीचे चुंबकत्व खिशातल्या किल्ल्यांनाही जाणवण्याइतके जोरदार असते. वीज काही तास गेली, तर सुमारे 960 अंश सेल्सिअसला उकळत्यासारखा दिसणारा तो रस कुंडातच गोठतो आणि मग कुंडे फोडून काढण्याची वेळ येते.

पण श्रोतेहो, मला मनापासून सांगायचे आहे ते काचेच्या कारखान्याबद्दल.

खिडक्यांची सपाट काच बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बल्कर, म्हणजे भुकटी वाहून नेणारी बंद टाकीची गाडी, भरून सोडा ॲश नेला होता. काच मुख्यतः वाळूपासून बनते; वाळू एकटी वितळवायची तर सुमारे 1700 अंशांची उष्णता लागते; सोडा ॲशमुळे ती बऱ्याच कमी उष्णतेला वितळते, म्हणून या पांढऱ्या भुकटीवाचून काचवाल्यांचे चालत नाही. बल्कर रिकामा व्हायला वेळ लागतो. पाइप जोडायचा, कंप्रेसर सुरू करायचा आणि हवेच्या जोराने भुकटी उंच सायलोत, म्हणजे साठवणीच्या कोठारात, चढत राहते. तो रात्रपाळीचा प्रहर होता. भट्टीवरचे एक वयस्क कामगार विश्रांतीसाठी धक्क्यावर आले होते. मी सायलोकडे टक लावून पाहतो आहे, हे पाहून ते म्हणाले, "ही पूड कुठे जाते ते बघायचंय का? चला." फाटकावरच्या माणसाला बल्करवर लक्ष ठेवायला सांगून, पाळीप्रमुखांची परवानगी घेऊन आणि माझ्या डोक्यावर शिरस्त्राण चढवून ते मला आत घेऊन गेले.

इथे एक गोष्ट बोलून घेतो. माल उतरेपर्यंत चालकाला कित्येक ठिकाणी बसायला बाकही मिळत नाही आणि शौचालय विचारले तर हात बाहेरच्या रस्त्याकडे दाखवला जातो. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला सावली, पाणी आणि स्वच्छ शौचालय देणे हा माल घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचाच भाग आहे, असे मी मानतो आणि जिथे संधी मिळते तिथे हे सांगतो.

तर आम्ही भट्टीपाशी पोहोचलो. त्यांनी माझ्या हातात गडद निळ्या काचेची चौकट दिली आणि भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून पाहायला सांगितले. आत डावीकडून उजवीकडे ज्वाळांचे लोट जात होते. "आता थांबा," ते म्हणाले. थोड्या वेळाने ज्वाळा एकदम विझल्या. त्या काही क्षणांत वितळलेल्या काचेचा अख्खा तलाव स्वच्छ दिसला आणि लगेच ज्वाळा पुन्हा पेटल्या, मात्र या वेळी उजवीकडून डावीकडे. जळालेली वायू बाहेर जाताना एका बाजूच्या विटांचे जाळे तापवते आणि दिशा उलटली की आत येणारी हवा त्याच तापलेल्या विटांमधून गरम होऊन येते. साधारण दर वीस मिनिटांनी ही अदलाबदल होते. ज्वाळा बाजू बदलतात, पण भट्टी थांबत नाही.

"मग बंद कधी करता?" मी विचारले.

"ही पेटवली तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती," ते म्हणाले. "आता ती कॉलेजला जाते. मधे एकदाही विझलेली नाही." अशी भट्टी दहा-पंधरा वर्षे सलग जळते आणि आतल्या विटा झिजल्या की मगच तिला विश्रांती मिळते.

पुढे ती काच वितळलेल्या कथलावर सोडली जाते. कथील 232 अंशांना वितळते आणि काचेपेक्षा कितीतरी जड असते, म्हणून काच त्याच्यावर तरंगते आणि दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत होते. कथलाला हवा लागून गंज धरू नये म्हणून वर नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन खेळवलेला असतो. इंग्लंडमधल्या ॲलिस्टर पिल्किंग्टन यांची ही रीत 1959 मध्ये जगापुढे आली. त्याआधी मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा सलग 14 महिने विकण्याजोगी काच निघाली नव्हती. तरी त्यांनी काम सोडले नाही, हे मला फार मोठे वाटते.

शेवटी आम्ही थंड झालेल्या काचेच्या पट्ट्यापाशी आलो. तो संथपणे पुढे सरकत होता आणि काच कापणारे चाक त्याच्यावरून तिरके धावत होते. पट्टा स्वतः पुढे जात असल्यामुळे चाक तिरके धावले तरच रेघ सरळ उमटते. इतक्यात एका तावात बुडबुडा सापडला. रुळांखालची झडप उघडली आणि तो भलामोठा ताव खाली कोसळून चक्काचूर झाला. मी दचकलो, माझ्यासोबतच्या कामगारांनी मान वळवूनही पाहिले नाही. पुढचे यंत्र अडले तर चांगली काचसुद्धा अशीच फोडावी लागते, असे त्यांनी सांगितले. फोडतात आणि पुन्हा भट्टीत टाकतात, पण भट्टी थांबवत नाहीत.

त्यानंतर फुटक्या काचेची भाडी मी आवर्जून घेऊ लागलो. काचेचा चुरा कच्च्या मालापेक्षा कमी उष्णतेला वितळतो आणि इंधन वाचवतो, म्हणून काचकारखाने तो बाहेरूनही विकत घेतात. मात्र त्यात चिनी मातीचा बारीकसा तुकडा आला तरी तो भट्टीत विरघळत नाही आणि तावात खडा होऊन दिसतो. फाटकावर त्या मालाची तपासणी कडक असते, आणि चुरा भरण्याआधी गाडीचा हौदा मी स्वतः झाडून घेतो.