किनाऱ्यावरची रात्र आणि जमिनीचा मालक

(कॅलिफोर्नियातल्या एका मराठी मंडळात मार्च महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आरव्ही, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्यानं घ्यावी की विकत, हा आजचा विषय नाही. गाडी हाताशी आहे असं धरून चालते. प्रश्न एवढाच की समुद्राकाठी ती रात्री उभी कुठे करायची आणि तीही खिसा रिकामा न करता.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण लगेच ॲपचं नाव मागतात. ॲप जागा दाखवतं, पण तिथली माहिती कधीची आहे याचा भरवसा नसतो. म्हणून एक सवय लावून घ्या. नकाशावर जागा आवडली की आधी विचारायचं, ही जमीन कोणाची? केंद्र सरकारची, राज्याची, काउंटीची, गावाची की खाजगी? भाडं, मुक्कामाची मुदत, दंड, सगळं या एका उत्तरावर ठरतं.

नेवाडा किंवा युटामध्ये फिरलेल्यांना बीएलएमची, म्हणजे केंद्राच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जमीन ठाऊक असेल. मनाई नसेल तिथे गाडी लावायची, साधारण २८ दिवसांत १४ दिवस राहायचं, पैसे शून्य. तीच अपेक्षा घेऊन लोक किनाऱ्यावर येतात आणि निराश होतात. किनाऱ्याच्या जमिनीवर आधीच वस्ती झाली, भाव चढले, आणि केंद्राकडे तिथे थोडेच तुकडे उरले. पण ते तुकडे सुंदर आहेत, म्हणून त्यांच्यावर जरा थांबते.

उत्तर कॅलिफोर्नियातला लॉस्ट कोस्ट घ्या. डोंगर समुद्रातून इतके सरळ वर चढतात की एरवी किनाऱ्यानं जाणारा हायवे १ सुद्धा तिथे किनारा सोडून आत वळतो. या पट्ट्यातला किंग रेंजचा भाग बीएलएमकडे आहे. मॅटोल नदी समुद्राला मिळते तिथे त्यांचं छोटं कॅम्पग्राउंड आहे, भाडं अगदी माफक. अशा जागी ऑफिस नसतं, एक जाड लोखंडी पेटी असते. शेजारच्या खोक्यातलं पाकीट घ्यायचं, गाडीचा नंबर आणि तारीख लिहायची, रोख किंवा चेक आत घालून पाकीट पेटीत सोडायचं आणि फाडलेली पावती आपल्या जागेच्या खांबाला लावायची. जवळ सुटे पैसे हवेतच. रस्ता मात्र अरुंद, वळणांचा आणि खड्ड्यांचा. छोट्या व्हॅननं खुशाल जा. ३० फुटी गाडी तिकडे नेऊ नका.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या किनाऱ्यावर, बिग सूरला, लॉस पाद्रेस नॅशनल फॉरेस्टची कर्क क्रीक आणि प्लास्केट क्रीक ही दोन कॅम्पग्राउंड आहेत. कर्क क्रीक तर थेट कड्यावर, खाली समुद्र. वीज-पाण्याचं हुकअप नाही, शॉवर नाही, म्हणून भाडं आसपासच्या हॉटेलांच्या मानानं किरकोळ. तिथे जागा नाही मिळाली तर हायवेच्या कडेला गाडी लावून झोपू, असं मनात आणू नका. मनाईच्या पाट्या आहेत आणि दंडही होतो.

ही स्वस्त जागा आपसूक टिकलेली नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. १९७६ च्या कॅलिफोर्निया कोस्टल ॲक्टमध्ये स्पष्ट म्हटलंय की कमी खर्चाच्या पर्यटन सोयी जपायच्या, त्यांना उत्तेजन द्यायचं आणि शक्य तिथे नव्या करायच्या. ओरेगॉनमध्ये तर १९६६ साली कॅनन बीचच्या एका मोटेलवाल्यानं समोरची कोरडी वाळू फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी अडवली. लोक खवळले आणि १९६७ मध्ये वाळू सगळ्यांना मोकळी ठेवणारं बीच बिल पास झालं. टेक्ससनं १९५९ मध्येच ओपन बीचेस ॲक्ट केला होता. सामान्य माणसाला समुद्र मोकळा राहावा म्हणून कोणीतरी भांडलंय. त्या जागी आपण दोन रात्री राहतो तेव्हा हे आठवलं पाहिजे.

फक्त एक घोळ करू नका. किनाऱ्यावर जाण्याचा हक्क म्हणजे तिथे मुक्कामाचा हक्क नव्हे. ओरेगॉनचा किनारा सगळ्यांचा आहे, पण स्टेट पार्कला आणि बऱ्याच गावांना लागून असलेल्या वाळूवर रात्री राहता येत नाही.

टेक्ससमध्ये एका ठिकाणी मात्र ते खरंच करता येतं. कॉर्पस क्रिस्टीजवळचं पाद्रे आयलंड नॅशनल सीशोर. पार्कचं प्रवेशशुल्क द्यायचं, कॅम्पिंगचा फुकट परवाना भरायचा आणि गाडी सरळ वाळूवर न्यायची. जवळजवळ ६० मैल किनारा, मुक्काम १४ दिवसांपर्यंत. पहिले पाच मैल साध्या गाडीला बहुधा चालतात, पुढे फोर व्हील ड्राइव्ह लागते. भरतीच्या वेळा आधी बघा. वाळलेल्या शेवाळाची रेघ दिसते तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं, गाडी तिच्या बरीच वर लावा. एप्रिल ते जुलै हा केम्प्स रिडली कासवांच्या अंडी घालण्याचा हंगाम. वेळासला ऑलिव्ह रिडलीची पिल्लं समुद्राकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिथे गाडी हळू का चालवायची हे सांगावं लागणार नाही. भाड्याची आरव्ही असेल तर करार वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्याला आणि वाळूला मनाई असते.

फ्लोरिडा कीज या बेटांवर फुकटच्या नादी लागू नका. तिथे स्वस्त म्हणजे बाहिया होंडासारखी स्टेट पार्क. तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी आरक्षण मिळतं, आपल्याला १० महिने आधी. त्या एका महिन्यात हिवाळ्यातल्या बऱ्याच तारखा उडालेल्या असतात.

आता घरातल्या ज्येष्ठांबद्दल. आई-बाबांचं ग्रीन कार्ड असेल किंवा ते नागरिक असतील आणि वय ६२ किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यांना सीनियर पास मिळतो. वर्षाचा २० डॉलर, आयुष्यभराचा ८०. केंद्राच्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये या पासवर भाडं निम्मं होतं. आर्मी कोअरची, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर विभागाची कॅम्पग्राउंडही त्यात आली. पास त्यांच्या नावावर असतो, म्हणून ते सोबत हवेत, आणि हवेतच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मात्र तो मिळत नाही.

वाटेतल्या रात्रींसाठी हायवेचे रेस्ट एरिया आहेत. कॅलिफोर्नियात तिथे ८ तास थांबता येतं, ओरेगॉनमध्ये १२, टेक्ससमध्ये २४. वॉलमार्ट दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढायचं म्हणाल तर किनाऱ्यालगतच्या गावांत अनेकदा गावाचाच नियम आड येतो. आत जाऊन मॅनेजरला विचारा. दुकानातून फुकट जागा घेतली तर भाजी-दूध तिथेच घ्या, एवढी रीत आपण पाळावी.

आणि सांडपाणी. आपल्या स्वयंपाकात भांडी जास्त निघतात, ग्रे टँक, म्हणजे धुण्या-भांड्यांच्या पाण्याची टाकी, लवकर भरतो. खरकटं आधी कागदानं पुसून कचऱ्यात टाका, मग धुवा. तेलकट पाणी झुडपात ओतून दिलं की पुढच्या आठवड्यात तिथे 'नो ओव्हरनाइट पार्किंग'ची पाटी लागते. फुकटच्या कित्येक जागा अशाच बंद झाल्या आहेत, आणि त्याचा मला राग येतो. डम्प स्टेशनला, म्हणजे टाकी रिकामी करण्याच्या जागी, पाच-दहा मिनिटं लागतात. ती द्या.

शेवटी तारखा. ऑगस्टचा शनिवार मागाल तर कुठेच काही हाती लागणार नाही. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला, शाळा सुरू झाल्या की ओरेगॉनचा किनारा मोकळा होतो, धुकं कमी असतं, आणि रविवार ते गुरुवार हनीमन किंवा सनसेट बेसारख्या पार्कात वीज-पाण्याची जागाही मिळते. बाहेरच्या राज्यातल्या आरव्हीला तिथे २५ टक्के जादा पडतात, तरी खाजगी आरव्ही पार्कपेक्षा ते परवडतं. आरक्षण सहा महिने आधी, रोज एकेक दिवस पुढे उघडतं. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यासाठीचं बुकिंग याच आठवड्यात उघडतं आहे. गणपती कधी आहेत ते कॅलेंडरवर पाहा आणि उद्या सकाळी चहाच्या आधी बुकिंग करा.