२४ सेकंद आणि ९० मिनिटे

अमरावती जिल्ह्यातील एका गावातल्या शाळेचे हे पटांगण आहे. कापसाची वेचणी आटोपून आलेली माणसे घरी न जाता थेट येथे थांबली आहेत, कारण आज रात्री खुले कबड्डी सामने आहेत. दिव्यांच्या उजेडात फक्कीने रेषा आखल्या जात आहेत, आणि ध्वनिक्षेपकावरून चढाईपटूचे नाव लांब सुरात पुकारले जात आहे.

अमेरिकेतील बास्केटबॉलची गर्दी आपल्याला अधिक जवळची की फुटबॉलची, हे या चित्रफितीत पाहू. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे वातावरण या गर्दीला मुळीच परके वाटू नये. कबड्डीच्या चढाईला ३० सेकंद मिळतात, तर बास्केटबॉलमध्ये संघाला २४ सेकंदांत चेंडू टोपलीकडे फेकावा लागतो. दोन्हीकडे प्रेक्षकांचा श्वास घड्याळाला बांधलेला असतो.

बास्केटबॉलमध्ये हे घड्याळ आरंभी नव्हते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू हातातच धरून ठेवण्याचा डाव खेळत मिनिआपोलिस लेकर्सला १९–१८ असे हरवले, आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना उभ्या असलेल्या खेळाडूंकडे पाहत बसावे लागले. पुढे सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टोपलीकडे फेकतात आणि सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा असतो. भागाकार २४ येतो. १९५४ पासून हा नियम लागू झाला. आज दोन्ही संघ बहुधा शंभरी ओलांडतात, आणि खेळ थांबला की संगीत, नर्तक व छताखालचा भव्य पडदा तो रिकामा वेळ भरून काढतात.

हे जुने छायाचित्र जरा थांबून पाहण्यासारखे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच पदकासाठी खेळला गेला. तोही उघड्या मैदानावर, जेथे पावसाने चिखल झाल्यामुळे अमेरिकेने कॅनडाविरुद्धचा अंतिम सामना अवघ्या १९–८ अशा गुणांनी जिंकला.

फुटबॉलचे घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. ४५ मिनिटांच्या दोन डावांत कित्येकदा एकही गोल होत नाही, आणि ती पोकळी भरण्याचे काम प्रेक्षकांनाच करावे लागते. म्हणूनच जर्मनीत डॉर्टमुंड क्लबच्या मैदानातील दक्षिण सज्जात सुमारे २५ हजार लोक उभे राहून एका सुरात गातात. कोलकात्यात १३ जुलै १९९७ रोजी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्याला १ लाख ३१ हजारांवर प्रेक्षक होते. एवढा जमाव कोणत्याही बास्केटबॉल सभागृहात मावणार नाही. आम्हाला फुटबॉलची गर्दी अधिक जवळची वाटते, कारण तिचा आवाज तिचा स्वतःचा असतो आणि त्याला ना छत लागते, ना ध्वनियंत्रणा.

हे चित्रण १८ डिसेंबर २०२२ च्या रात्रीचे, म्हणजे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या वेळचे, याच शाळेच्या भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या चादरीसमोरचे आहे. अर्जेंटिना २–० ने पुढे आहे, ८० वे मिनिट चालू आहे, आणि मागच्या रांगेतील काही जण उठून घराकडे निघाले आहेत. फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले, तेव्हाचे हे चेहरे आहेत. सामना ३–३ असा सुटला आणि अर्जेंटिनाने पेनल्टींवर तो ४–२ असा जिंकला, तोपर्यंत येथून कोणीही हलले नाही.

पटांगणाची पूर्वेकडची बाजू बांधकामासाठी गेल्यापासून मुलींचा फुटबॉलचा सराव बंद आहे.

सकाळचे सहा वाजले आहेत. अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असल्यामुळे बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे या वेळेला दिसतात. त्याच मुलींपैकी चौघी शाळेच्या पायरीवर एका मोबाइलभोवती बसल्या आहेत, आणि त्यांच्यामागे रात्रीच्या फक्कीच्या रेषा अजून तशाच आहेत.